तिसरी सीट

अजिंठा
९ जून २०२५

चि. शिवराज यास आप्पांचे आशीर्वाद.

तू परवा आलास आणि गेलास. तू गेलास हे मी पाहिलं. गाडी गेली असं मात्र म्हणवत नाही, कारण आपल्या दारातून ती चार माणसांनी उचलून सडकेवर ठेवली. वाहन माणसांना वाहून नेतं असं मी तेहतीस वर्षं मुलांना शिकवलं. आता त्यातल्या कुणी भेटलं तर मान खाली घालावी लागेल.

फोनवर सांगितलं असतं, पण कानातलं यंत्र शिटी मारतं. शिवाय लिहिलेलं बरं असतं. बोललेलं तू ऐकत नाहीस आणि मला ऐकू येत नाही.

गेटासमोरचा सिमेंटचा उंचवटा मीच घातलेला आहे. ट्रॅक्टरवाले दणदण जातात म्हणून. त्यावरून मोटारसायकल जाते, बैलगाडी जाते, पुंजारामची गाभण म्हैस पोट न घासता जाते. तुझी पिवळी घोरपड मात्र त्यावर पोट टेकून बसली. सगळी आळी जमली. पुंजारामनं विचारलं, गुरुजी, गाडी पुरती आलीय का वरचा भाग मागून येतोय? मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा एवढाच उपयोग.

तुझ्या आईला गावातून एक चक्कर मारावीशी वाटली, हा तिचा भोळेपणा. आत बसताना विहिरीत उतरल्यासारखं वाटलं म्हणते. बाहेर काढायला शेजारच्या दोघी लागल्या. गुडघ्याला अजून तेल चोळते आहे आणि तरी म्हणते, पोराला बोलू नका, हौस आहे त्याची.

गाडीचे दोष मी वहीत क्रमानं लिहून ठेवले आहेत. पहिला उंची. दुसरा आवाज, तो मला यंत्राशिवाय ऐकू आला, यावरून काय ते समज. तिसरा, सीटा दोन. तू, मंजुषा, आई, मी, सासरहून आली तर मोनिका. दोन सीटांची गाडी घेणाऱ्यानं घरातली माणसं मोजलेली नसतात. चौथा, मागं पायलीभर ज्वारी ठेवायला जागा नाही. पाचवा रंग. सहावा, हिच्यासाठी तू चांगली जीप विकलीस. सातवा सगळ्यांत मोठा: ती तू रोज वापरतोस. वर्षातून एकदा, पोळ्याला, झूल घालून काढली असतीस तर मी काही बोललो नसतो.

वाहन सोडून बाकी सर्वांवर लोभ आहे.

आप्पा

ता. क. मागच्या पत्रात तू 'आशिर्वाद' मागितले होतेस. तसे मिळत नाहीत. 'आशीर्वाद' असतात.

---

गारखेडा, छ. संभाजीनगर
१६ जून २०२५

ती. आप्पांस शिवराजचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. मंजुषानं ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि दोन्ही वेळा पुंजारामकाकांच्या वाक्याला थांबली.

रोज वापरतो हे खरं आहे. दूध आणतो, भाजी आणतो. दुकानात ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं पोचवायचं असेल तर ते शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावतो. घरापासून दुकानापर्यंत चौदा गतिरोधक आहेत. प्रत्येक तिरका ओलांडावा लागतो, बाई निऱ्या सावरून चिखल ओलांडते तसा. मंजुषा माझ्यामागून स्कूटीवर निघते, माझ्याआधी पोचते आणि चहा मागवून ठेवते. गुलमंडीत गाडी लावली की लोक तिला टेकून फोटो काढतात. मी परत आलो की मलाच बाजूला व्हायला सांगतात. मेकॅनिक दर महिन्याला तेच म्हणतो, भाई, इसकू रोज नक्को निकालो. मी त्याला म्हणतो, मग कधी काढू? रस्ते चांगले होतील तेव्हा? तेवढं आयुष्य दोघांपैकी कुणालाच नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. मी चौथीत होतो. लेणीच्या रस्त्यावर अशीच एक गाडी उभी होती, लाल. तुम्ही सायकल थांबवलीत आणि म्हणालात, नीट बघून घे, आपल्याला बघण्यापुरतीच आहे. तुम्हाला आठवत नसेल. तुमचं शिकवलेलं एवढंच एक वाक्य माझ्या पक्कं लक्षात राहिलं.

मोनिकाचा फोन मंगळवारी येतो. स्पीकरवर असतो. मी काही विचारलं की आधी तिच्या नवऱ्याच्या, राजेंद्रच्या, आत्या लीलाबाई खोकतात. मग मोनिका उत्तर देते. तुम्हाला पत्रं येतात तशी मला येत नाहीत. काय लिहिते?

आईच्या गुडघ्याची क्षमा मागतो. लोभ वाहनासकट असावा, ही विनंती.

शिवराज

---

भोकरदन
२४ जून २०२५

ती. आप्पा व आई यांस मोनिकाचा शि. सा. नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. इथं सर्व कुशल आहे. पेरण्या झाल्या. घरातली सर्व माणसं मला जपतात. फोनची मला फारशी गरज पडत नाही, म्हणून तो आत्याबाईंकडं असतो. नोकरीचा विचार मी सोडला आहे.

मी सूखी आहे.

हे पत्र आत्याबाई स्वतः पेटीत टाकणार आहेत. आईनं काळजी करू नये. मायेची आठवण असू द्यावी.

आपली,
मोनिका

---

अजिंठा
३ जुलै २०२५

चि. सौ. मोनिका हिस आप्पांचे आशीर्वाद.

तुझं पत्र लाल शाईनं दुरुस्त करून सोबत परत पाठवत आहे. 'सुख' या शब्दातला 'सु' ऱ्हस्व असतो. एप्रिलच्या पत्रात तू तो दीर्घ लिहिलास, मी सोडून दिलं. मे महिन्यात पुन्हा लिहिलास, मी समासात खूण केली. आता ही तिसरी वेळ. शुद्धलेखनात तालुक्यात पहिली आलेली मुलगी लग्नानंतर वर्षभरात एवढं विसरत असेल, तर शिक्षण कुठं मुरतं हा प्रश्नच आहे.

अक्षरही बिघडलं आहे. ओळी उजवीकडं खाली घसरतात, 'क'च्या गाठी सुटतात. कोंबडी शाईत पाय बुडवून गेल्यासारखं पान दिसतं. रोज दहा ओळी गिरव.

पंचमीला तुला आणायला शिवराज येईल. लोभ आहेच.

आप्पा

---

अजिंठा
८ जुलै २०२५

चि. शिवराज यास आप्पांचे आशीर्वाद.

लाल गाडी मला आठवते. ते वाक्यही आठवते. मी चूक बोललो नव्हतो. तू चूक ऐकलंस.

मोनिका काय लिहिते असं विचारलंस. सर्व कुशल आहे, मी सुखी आहे, एवढंच लिहिते, आणि तेही अशुद्ध. 'सुखी'तला 'सु' दीर्घ. तीन पत्रांत तीनदा. तुझं समजू शकतो. तू पहिल्यापासूनच तसा आहेस. पण तिनं? मी दुरुस्त करून पाठवलं आहे.

आता कामाचं. येत्या २९ तारखेला पंचमी. तिला आणायला मुऱ्हाळी म्हणून तू रविवारी, २७ला, जायचंस. त्या घोरपडीतून जाऊ नकोस. भाड्याची जीप कर, कारण लीलाबाई बरोबर येणारच. दिवाळीला आल्या, संक्रांतीला आल्या. मोनिका विहिरीवर गेली तर विहिरीवर, न्हाणीपाशी गेली तर न्हाणीपाशी. तिच्या खाटेला खाट लावून झोपतात. तुझी आई म्हणते, वरसात लेकीशी चार सबुद बोलायला भेटलं नाय मला. पाठराखीण माहेराहून नवरीबरोबर सासरी जाते, एवढं मला ठाऊक आहे. सासरहून माहेरी पाठराखीण पाठवणारं हे पहिलंच घर मी पाहतो आहे. पण सोयरीक आपण केली, तेव्हा त्यांच्यासाठी जागा हवी. जीपच कर.

लाज वाटेल असं वाहन मुऱ्हाळ्यानं नेऊ नये. वाहन सोडून बाकी सर्वांवर लोभ आहे.

आप्पा

---

गारखेडा
१५ जुलै २०२५

ती. आप्पांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल दुकानात मिळालं. तिथंच वाचलं आणि शटर ओढून घरी आलो.

आप्पा, तुमच्या शाळेत मुलं रजेचे खोटे अर्ज आणायची. 'मी आजारी होतो.' तुम्ही ते घरी आणून आम्हाला दाखवायचात. 'आजारी'तली 'री' ऱ्हस्व सापडली की म्हणायचात, हा क्रिकेट खेळत होता. खोटं लिहिताना हात चुकतो, हे तुमचं वाक्य. मी विचारलं होतं, मग माझा का नेहमीच चुकतो? तुम्ही म्हणालात, तुझा खरं लिहितानाही चुकतो, तुझी जात वेगळी. मोनिका किती हसली होती. तिनं मला आठवडाभर त्यावरून पिडलं.

तिचा हात कधी चुकला, आप्पा? मला तरी आठवत नाही. तीन पत्रांत एकच शब्द चुकला आहे आणि तिन्ही वेळा तोच. बाकी पत्रात दुसरी चूक आहे का, तुम्हीच बघा. तुम्हाला सापडावं म्हणून तिनं ते तसं लिहिलं. तुम्ही लाल शाई लावून ते लीलाबाईंच्या हाती परत पाठवलंत.

रागावून लिहितो आहे असं समजू नका. मला हे तुमच्याआधी कळलं याचंच नवल वाटतं.

रविवारी मी जाणार आहे. याच गाडीनं जाणार आहे. कारण तुमच्या वहीत आहे, दोष क्रमांक तीन.

आईला सांगा, फराळाचं काही करू नको. लोभ आत्ता मागत नाही, रविवारनंतर मागेन.

शिवराज

---

गारखेडा
२८ जुलै २०२५

ती. आप्पांस सा. न. वि. वि.

मोनिका इथं आहे. आईला फोनवर तेवढं सांगितलं. बाकीचं लिहितो, म्हणजे तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागणार नाही.

काल अकराला भोकरदनला पोचलो. गल्लीत शिरेपर्यंत मागं पोरं, पोरांमागं माणसं. दारात थांबलो तेव्हा तीसचाळीस जण होते. या गाडीभोवती गर्दी होते याचा मला आजवर वैताग होता. काल तिचा उपयोग झाला. लोकांसमोर राजेंद्रला बहिणीला नेऊ नका म्हणता येईना. मी पंचमीचा मुऱ्हाळी होतो.

लीलाबाई पिशवी आणि डबा घेऊन तयार होत्या. बाहेर येऊन त्यांनी गाडीला एक फेरी मारली. मागचं दार कुठं आहे म्हणून विचारलं. मी म्हणालो, मागचं दार नाही. मग मागं माणसं कशी बसतात? मी म्हणालो, मागं इंजिन बसतं. त्यांचा विश्वास बसला नाही. झाकण उघडून दाखवावं लागलं. त्या बराच वेळ इंजिनाकडं बघत होत्या, सवतीकडं बघावं तशा.

मग म्हणाल्या, दोघी एका सीटवर चेपून बसू. एक पाय आत टाकला आणि अडकल्या. दोन बायांनी बाहेर ओढलं. पोरं हसली. राजेंद्र म्हणाला, मी माझी गाडी काढतो, सगळे तीत बसा. मी म्हणालो, मुऱ्हाळी ज्या वाहनानं येतो त्यातूनच बहीण जाते, आमच्याकडं असंच असतं, गुरुजी फार कडक आहेत. असं कुठंच नसतं. तुमचं नाव पुढं केलं की खपतं. शेवटी ठरलं की लीलाबाई सोमवारी बसनं अजिंठ्याला येतील. म्हणून मी अजिंठ्याला न येता इकडं आलो.

मोनिका आत बसली. पट्टा डाव्या हातानं लावला. ते मी पाहिलं.

सहा किलोमीटर ती मागं बघत होती. मी म्हणालो, मागं कुणी बसू शकत नाही. तेव्हा बोलायला लागली. आप्पा, ही गाडी दोनशेच्या वेगानं जाते म्हणतात. काल मी ती वीसच्या वेगानं चालवली, खड्डे तसेच होते. घरी पोचायला साडेतीन तास लागले. रस्ता चांगला असता तर तिचं सांगून झालं नसतं.

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. फेब्रुवारीत मोडली होती. दवाखान्यात नेलं नव्हतं, हळद बांधली होती. आज मंजुषानं तिला हाडांच्या डॉक्टरकडं नेलं, तिथून पोलीस ठाण्यात. डॉक्टरांनी सगळं लिहून दिलं आहे. एक बोट सुधारेल म्हणतात.

कसं झालं ते मी लिहीत नाही. तिला स्वतः लिहायचं आहे.

अक्षराबद्दल तुम्ही तिला लिहिलं होतं, ते ती माझ्याजवळ बोलली नाही. मी पत्र पाहिलं. आईजवळ बसा.

शिवराज

---

गारखेडा
३० जुलै २०२५

ती. आप्पांस,

हे डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षराला हसू नये.

कपाटात माझी प्रमाणपत्रं होती. शाळेत जागा निघाली होती, म्हणून मी ती काढत होते. राजेंद्रनं कपाटाचं दार लावलं. मग पुन्हा लावलं.

मी सुखी नाही.

वरच्या ओळीतलं शुद्धलेखन तपासून घ्यावं.

मोनिका

---

अजिंठा
८ ऑगस्ट २०२५

चि. शिवराज यास आप्पांचे आशीर्वाद.

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर द्यायला वेळ लागला. मोनिकाच्या पत्राला मी वेगळं उत्तर दिलं आहे. ते तुला वाचायला मिळणार नाही. तीन पत्रं होती. मी तिन्ही वेळा शब्द पाहिला आणि वाक्य पाहिलं नाही. याहून जास्त तुला लिहीत नाही.

इथलं कळवतो. लीलाबाई ठरल्याप्रमाणे सोमवारी बसनं आल्या. मोनिका नाही हे कळल्यावरही परत गेल्या नाहीत. तिच्या खोलीत खाट टाकून, रिकाम्या खाटेवर नजर ठेवून दोन दिवस बसल्या. तुझ्या आईनं त्यांना दोन्ही वेळ जेवायला वाढलं आणि दोन दिवसांत एक शब्द बोलली नाही. मी तिला त्याबद्दल विचारलं. म्हणाली, वरसभर त्यांनी मला बोलू दिलं नाय, आता मला आवडंना.

बुधवारी राजेंद्र आला. सात सीटांची पांढरी गाडी, बरोबर पाच माणसं. सगळी एकदम बोलायला लागली. मी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि वही पुढं केली. जे सांगायचं ते लिहून द्या म्हणालो, बहिरा आहे. बराच वेळ आपसांत बोलले. मग राजेंद्रनं लिहिलं: बोटांचा अपघात होता, घरात तिला काही त्रास नाही, आम्ही तिला नीट सांभाळू, आजच पाठवा. चार ओळी. 'अपघात' शुद्ध लिहिला होता, तो त्याला बहुतेक कुणी सांगितला असावा. बाकी सहा चुका. मी लाल शाईनं दुरुस्त केल्या. त्यांच्यासमोरच केल्या, कारण समजावून. मग खाली लिहिलं की खोटं लिहिताना हात चुकतो, आणि तो कागद वहीतच ठेवला. त्यानं परत मागितला. मला ऐकू आलं नाही. कागद सोबत पाठवतो आहे. मंजुषाला दे, पोलिसांकडं द्यायला.

ते गेले तेव्हा मी दारात उभा होतो. त्यांची गाडी माझ्या उंचवट्यावरून सहज गेली, चहाचा कप हिंदकळला नसता. तो उंचवटा मी बारा वर्षांपूर्वी घातला. आजवर त्यानं एकच गाडी अडवली, आणि ती तुझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजारामला कुदळ घेऊन बोलावलं. सिमेंट चांगलं निघालं, अर्धा दिवस लागला. पुंजाराम विचारत होता, गुरुजी, आता ट्रॅक्टरचं काय? मी म्हणालो, त्यांना पत्र लिहीन.

तेव्हा १७ला, रविवारी, मोनिकाला घेऊन ये. घोरपड दारापर्यंत येईल. तुझी आई म्हणते, मंजुषानं स्कूटीवर यावं. तीच आधी पोचेल आणि तिच्याकडून खरं कळेल.

गाडी वाईट आहे. तिची उंची वाईट, आवाज वाईट, रंग वाईट, आणि शहाणा माणूस ती रोज वापरणार नाही. वही काढून दोष क्रमांक तीन मी खोडला आहे. बाकीचे सहा कायम आहेत.

सर्वांवर लोभ आहे.

आप्पा